कुर्ल्याहून निघाली तशी

सकाळी ६

मार्च सरत आला की जालन्यात गाडीला रंग मारायचा तो उजाडतानाच. दहानंतर पत्रा चटके देऊ लागतो, गनमधून सुटलेला रंग पत्र्यापर्यंत पोचायच्या आत अर्धा वाळतो आणि हात फिरवला की खरबरीत लागतो. दुपारी वारं सुटलं की मंठा चौफुलीकडची सगळी धूळ गॅरेजात. पावसाळ्यात दुसरंच दुखणं, दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक चढते. त्यामुळे वर्षातले रंगाचे महिने मोजके आणि दिवसातले तास त्याहून मोजके.

शटर वर केलं, जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवली. शिंपडताना जालनेकराचा हात आखडतोच, कारण नळाला पाणी पुन्हा कधी येणार हा हिशेब इथं लहान पोरालाही पाठ असतो. कॉम्प्रेसरच्या टाकीत रात्रभर साचलेलं पाणी मात्र खालच्या चावीतून सगळं सोडून दिलं. ते हवेबरोबर गनमध्ये शिरलं तर रंगाला फोड येतात.

आजचं काम डिकीचं झाकण आणि मागचं डावं दार. गाडी १९६८ची फियाट ११००. रंग फिकट राखाडी, किंचित निळ्याकडे झुकणारा. आमच्याकडे आली तेव्हा ती लालभडक होती आणि बॉनेटपासून डिकीपर्यंत मधोमध दोन पांढरे पट्टे. लालखाली पांढरा निघाला, पांढऱ्याखाली कुणीतरी हाताने फासलेला हिरवट आणि त्याच्याही खाली हा. पण असे थर खरवडून रंग ठरवता येत नाही. उघडा पत्रा वर्षानुवर्षं उन्हात भाजलेला असतो, त्याचा रंग कधीच उडालेला असतो. खरा रंग सापडतो तो जिथं ऊनही पोचलं नाही आणि नंतरचा रंगारीही पोचला नाही तिथं. दाराच्या रेक्झिनच्या आत, डॅशबोर्डच्या मागं, डिकीच्या रबराखाली. रबर उचकटलं तेव्हा बोटभर रुंदीची एक पट्टी जशीच्या तशी मिळाली. तिच्यावरून रंगाच्या दुकानातल्या मशीनने प्रमाण काढून दिलं आणि उरलेलं उन्हात धरून नजरेनं जुळवलं.

क्लिअर कोट मारायचा नाही, हे आधीच ठरलंय. हल्लीच्या गाड्यांना रंग वेगळा आणि त्यावरचा चकाकीचा थर वेगळा. त्या काळी रंग आणि चकाकी एकाच डब्यातून यायची. ती खोल, काचेसारखी चमक या गाडीला कुर्ल्याच्या कारखान्यात मिळाली नव्हती, तर ती जालन्यात देणारे आम्ही कोण?

सकाळी ८

दोन हात मारून झाले. गन थिनरने धुतली, झाकण दोरीला टांगून ठेवलं. समोरच्या टपरीवरून चहा आला आणि चहाबरोबर रोजचा प्रश्न, “ही दुक्कर फियाट का हो?”

नाही. दुक्कर फियाट म्हणजे तिच्या आधीची, गोल ढुंगणाची, जिची पुढची दारं उलट्या बाजूला उघडायची. ही त्यानंतरची, ११०० डिलाइट. मागं दोन बारीक पंख, दारं सुलट. १९६४पासून कुर्ल्यात निघू लागली आणि सत्तरच्या दशकात तीच गाडी नाव बदलून पद्मिनी झाली. बनवणारी कंपनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभी केलेली. सुरुवात अमेरिकन क्रायस्लरच्या डॉज आणि डी सोटो जोडण्यापासून झाली, फियाट नंतर आली. आज चाळिशीच्या आतल्या माणसाला ही फक्त मुंबईची काळीपिवळी म्हणून माहीत. ती टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली.

आता कुणी म्हणेल, यात स्पोर्ट्स कार कुठं आली? चार दारं, पुढं एकच लांब सीट, स्टीअरिंगच्या दांड्यावर गिअर, १०८९ सीसीचं इंजिन आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. पण परवाना आणि परकीय चलनाच्या त्या काळात ज्याला शर्यत करायची त्याच्याकडे फियाट, हेरल्ड आणि अँबेसेडर यांखेरीज दुसरं होतं काय! मद्रासजवळ शोलावरमला लढाईच्या काळातल्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, त्यात या फियाट पळायच्या. गंमत म्हणजे त्या चांगल्या पळायच्या. इंजिन लहान पण चढ्या फेऱ्यांना न कुरकुरणारं, आणि गाडी वजनाला हलकी.

ही गाडी अशाच एका भक्ताच्या हाती पडली होती. गाडीच्या आताच्या मालकांचे काका. तरुणपणी शोलावरमला जाऊन आले आणि परत येऊन त्यांनी घरच्या फियाटचं सोनं केलं, त्यांच्या मते. पुढच्या कॉइल स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली. दांड्यावरचा गिअर काढून जमिनीत आणला, त्यासाठी तळाच्या पत्र्याला भोक पाडलं. अखंड सीट काढून दोन बकेट सीट टाकल्या. सायलेन्सर पोकळ केला. बोअर वाढवला. लाल रंग, पांढरे पट्टे. पुतण्याला आता ती कारखान्यातून निघाली तशी हवी आहे. म्हणजे आमचं काम अर्धं जोडण्याचं आणि अर्धं काकांनी केलेलं निस्तरण्याचं.

सकाळी ९.३०

चाचा आले. डेंटिंगमधला असा हात आता जिल्ह्यात सापडायचा नाही. आल्यावर आधी कामाला लागत नाहीत, गाडीभोवती एक चक्कर मारतात, बोटांच्या पेरांनी पत्रा टकटक वाजवत. जिथं आवाज बसका येतो तिथं खाली पुट्टी. “नजर धोका देती, पत्रा सच बोलता,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आज उजव्या बाजूची सिल, म्हणजे दारांखालून जाणारी पत्र्याची पेटी. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. सिल गंजली की गाडी मधून वाकते आणि दारं लागेनाशी होतात. बाहेरून सिल धडधाकट दिसत होती. चाचांनी वाजवली, पोकळ आवाज आला, स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो आरपार. आत गंजाचा भुगा आणि त्यावर कुणीतरी थापलेलं फायबर, त्यावर पुट्टी, त्यावर काकांचा लाल.

कापायचं किती, यावर आमचा वाद होतो आणि व्हायलाच हवा. अख्खी सिल नवी बसवणं सोपं, वेळही वाचतो. पण पुढचा हातभर भाग शाबूत आहे, त्यावर कारखान्याच्या स्पॉट वेल्डिंगचे गोल ठसे ओळीनं दिसतात. ते ठसे म्हणजे या गाडीचा दाखला. चाचा म्हणाले, सडकं तेवढंच काढू. मग पुठ्ठ्याचा नमुना कापला, त्यावरून पत्रा, त्याची कड हातोडी आणि डॉलीवर वळवली. जोडताना सलग वेल्डिंगचा धागा ओढायचा नाही. नव्या पत्र्याला ठरावीक अंतरावर भोकं पाडायची आणि त्या भोकांतून वेल्डिंग भरून घासायचं, म्हणजे तेच गोल ठसे उमटतात. जुन्या ठशांतलं अंतर हाताखालच्या पोरानं पट्टीनं मोजून दारावर खडूनं लिहून ठेवलंय. अंतरं सगळी सारखी नाहीत. जिथं कुर्ल्यातल्या कामगारानं दोन ठसे जरा जवळ मारले तिथं आम्हीही जवळच मारणार. पोराला हे वेडेपण वाटतं. “रंगाखाली कोण बगणार हाय?” तो विचारतो. कुणी नाही, हे त्याचं खरंच आहे.

वेल्डिंगच्या उष्णतेनं पत्रा फुगतो. चाचा फुगलेल्या जागी गॅसच्या ज्योतीनं लहानसा ठिपका लाल करतात, हातोडी टेकवतात आणि लगेच ओलं फडकं दाबतात. चर्र आवाज होऊन पत्रा आवळतो. ठिपका किती मोठा आणि फडकं कधी, हे कुठल्या पुस्तकात नाही. ही कला चाचांनंतर कुणाकडे जाईल, हा प्रश्न मी त्यांच्यासमोर काढत नाही.

काम चालू असताना बाहेरून भंगाराचा ट्रक गेला. जालना म्हणजे सळईचं गाव. देशभरातलं भंगार इथं येतं, भट्टीत वितळतं, त्याचे बिलेट होतात आणि बिलेटच्या सळया. औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या ट्रकांत दाबून चपटे केलेले पत्र्यांचे गठ्ठे असतात, त्यात कधी ओळखीचा दिवा, कधी एखादा बंपर. ही फियाटसुद्धा त्याच वाटेला लागली होती. शेतातल्या गोठ्यात बाभळीच्या काट्यांखाली पडलेली, आणि भंगारवाला वजनावर भाव सांगून गेलेला. गावात इतकं लोखंड, पण आम्हाला लागणारा पातळ सीआर पत्रा मात्र दुकानातून मोजून मापून आणावा लागतो.

दुपारी १२

फोनाची वेळ. मुंबईत कुर्ल्याच्या बाजूला जुन्या स्पेअर पार्टची दुकानं आहेत, तिथले दोन-तीन व्यापारी अजून फियाटचा माल धरून आहेत. टॅक्स्या गेल्यावर त्यांचं गिऱ्हाईक गेलं, उरलो आम्ही वेडे. बोलणं नेहमी एकाच वळणानं जातं. “आहे का?” “आहे.” “पीएएलचा शिक्का आहे?” मग पलीकडे शांतता, आणि नंतर दुप्पट भाव.

प्रीमियर कंपनीचा हा शिक्का का हवा, हे गिऱ्हाइकाला पटवणं अवघड. पण कंपनीचा सुटा भाग आणि बाजारू नक्कल यांत मापाचा फरक असतो. आज आम्हाला हवी आहे ती गिअरची जोडणी. दांड्यावरचा गिअर म्हणजे लांबलचक सळ्या आणि त्यांच्या सांध्यांतले बुश. प्रत्येक बुश थोडा झिजला की सगळी ढिलाई एकत्र होऊन हातातल्या दांड्यापर्यंत येते आणि ड्रायव्हर गिअर शोधत बसतो. काकांनी तो दांडा काढला त्यामागं शर्यतीची हौस होती, पण झिजलेले बुशही असणार. दांडा आणि सळ्या मिळाल्यात. एसटीच्या पार्सलनं संध्याकाळपर्यंत येतील. बुश नक्कल निघाले तर लेथवाल्याकडून करून घेऊ, माप आमच्याकडे आहे.

काढलेला प्रत्येक नट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. मोडका असला तरी टाकायचा नाही. सरळ खाचेचा स्क्रू जिथं होता तिथं चार खाचांचा चालणार नाही. सगळ्यात जास्त चिडचिड होते ती इथं, पत्र्याच्या कामात नाही. एका दिव्याच्या रिंगेचा स्क्रू शोधण्यात सकाळ गेली की गॅरेज चालवतोय की वस्तुसंग्रहालय, असं वाटू लागतं.

दुपारी १

डबा. ज्वारीची भाकरी, ठेचा, चाचांकडून खिमा. लाईट गेली, कॉम्प्रेसर बंद, पंखा बंद. पोरगा गाडीखाली गार फरशीवर झोपला.

दुपारी २.३०

उन्हाच्या वेळी बसून करायची कामं चांगली, म्हणून इंजिन. बोअर वाढवून वाढवून सिलिंडरच्या भिंती पातळ झाल्या होत्या. सरळ उपाय दुसरा ब्लॉक आणणं, पण ब्लॉकवर इंजिन नंबर असतो आणि तो आरसी बुकाशी जुळतो. मग त्याच ब्लॉकमध्ये स्लीव्ह बसवून बोअर परत ६८ मिलिमीटरवर आणला. स्ट्रोक ७५. काकांच्या काळात ही गाडी यापेक्षा जोरात पळत असणार, यात मला शंका नाही. ते बळ आम्ही काढून घेतलं.

कार्ब्युरेटर उघडला. सोलेक्स, मद्रासच्या कार्ब्युरेटर्स लिमिटेडचा. जेट घासलेले नाहीत, फ्लोट शाबूत. इथं मात्र मी ‘होती तशी’चा नियम मोडतो. ही गाडी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असायचं, इथेनॉल नसायचं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराच्या नळ्या त्यात फुगतात, मऊ होतात, पेट्रोल पंपाच्या पडद्याला भेगा जातात. मूळचीच नळी हवी म्हणून गरम एक्झॉस्टच्या वर पेट्रोल गळू देणं याला निष्ठा म्हणत नाहीत. आतलं रबर सगळं इथेनॉल सोसणारं घातलं, वरून काळी कापडी वेणी असलेलं निवडलं, म्हणजे डोळ्याला जुनंच. ब्रेकचे रबरी कपही नवे. जीव ज्यावर अवलंबून तिथं संग्रहालय नको.

डायनॅमोचे ब्रश घासले, आर्मेचर साफ केलं. डायनॅमोवरून आज मालकांशी भांडण आहे.

दुपारी ४.३०

मालक पुण्याहून आले. आल्या आल्या डिकीचं झाकण पाहिलं, तोंड जरा उतरलं. “दादा, चमक कमी नाही का? माझ्या मित्राची आरशासारखी केली हो.”

मी त्यांना डिकीच्या रबराखालची पट्टी दाखवली, तीच चमक आहे ना बघा म्हटलं. मग ते मागच्या उजव्या दाराकडे गेले. दार आणि खांब यांच्यातली फट वर बारीक, खाली रुंद. “हे तरी सरळ कराल ना?”

खरं तर सकाळपासून मला याच प्रश्नाची वाट होती. बिजागरीचे बोल्ट दाखवले. बोल्टच्या डोक्यावरून पत्र्यावर उतरणारा मूळ राखाडी रंग सलग आहे, कुठं तडा नाही. म्हणजे पाना या बोल्टला कधी लागलाच नाही. दार बसवलं गेलं तेव्हाच ते असं बसलं आणि कुणीतरी हात झटकून पुढच्या गाडीकडे वळला. आम्ही ते सरळ केलं तर दार सुधारेल, पण मग ते कुर्ल्याचं राहणार नाही, आमचं होईल. जुनी गाडी नव्याहून देखणी करणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात सोपं काम. त्याला पैसाही भरपूर मिळतो. हात जिथं कुर्ल्यातल्या माणसाचा थांबला तिथंच थांबवणं मात्र जड जातं, चाचांसारख्याला तर फारच, कारण त्यांचा हात त्या माणसापेक्षा चांगला आहे.

मालकांना ते अर्धवटच पटलं, म्हणून मी सरकारचा नियम काढला. जुलै २०२१मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांचं प्रकरण घातलं. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्यानं नोंदणी करायची तर फी वीस हजार, दाखला दहा वर्षांचा. रोजच्या वापराला मात्र अशी गाडी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला, एवढंच.

“म्हणजे मी हिला घेऊन भाजी आणायला जायचं नाही?”

“ते आधी ठरवा,” मी म्हटलं. “भाजी आणायची असेल तर नोंदणी साधीच ठेवा.”

मग डायनॅमो. त्यांना अल्टरनेटर हवा. मुद्दा बरोबर आहे. सिग्नलला उभं राहून हेडलाइट लावले की डायनॅमो बॅटरी भरत नाही, उलट बॅटरी उतरते. पण पुण्याच्या सिग्नलला रात्री ही गाडी उभी राहणारच नसेल, तर अल्टरनेटर कशाला? जगभरच्या जुन्या गाड्यांच्या संघटनांचा महासंघ आहे, फिवा. त्याने २०१२ साली ट्युरिन चार्टर म्हणून एक सनद मान्य केली, आणि ट्युरिन हे फियाटचंच गाव. तिचा सूर असा की जपणूक आधी, बदल करायलाच लागला तर परत काढता येईल असा करा, आणि काढलेले महत्त्वाचे भाग गाडीबरोबर सांभाळा. मी सुचवलं, डायनॅमो राहू द्या, घरी बॅटरीला चार्जर लावत जा. मालकांनी चार्जरची किंमत विचारली. हा होकारच.

संध्याकाळी ६.३०

पार्सल आलं. दांडा, सळ्या, बुशांची पुडी. बुश खरे निघाले. जोडणी तात्पुरती बसवून बघत होतो तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि काका उतरले. वय ऐंशीच्या पुढं, हातात काठी, डोक्यावर पांढरी टोपी. पुतण्यानं त्यांना गाडी दाखवायला बोलावलं होतं.

काकांनी राखाडी झाकणाकडे पाहिलं. “हा कुठला रं रंग? सरकारी हापिसातल्या कपाटाचा?” मग गाडीची उंची पाहिली. “उभी कामून केली एवढी? वळणावर लोळल की.” मग आत वाकून पाहिलं, तळातलं गिअरचं भोक बंद झालेलं दिसलं आणि ते पुतण्याकडे वळले. “माझी गाडी बिघडवली तुम्ही.”

कुणी बोललं नाही. पुतण्याला खजील झालेलं पाहून मला थोडं बरंही वाटलं, उगाच कशाला लपवू. कारण काकांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. १९६८ साली ही गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा ती हजारातली एक होती. भोक पाडून, स्प्रिंगा कापून, रात्री अंबड रोडला पळवून तिला एकुलती एक केली ती या माणसानं. कोणती अवस्था खरी, याचं उत्तर बिजागरीच्या बोल्टवर लिहिलेलं नसतं. मी बाजू घेतली आहे ती कुर्ल्याची, कारण काकांचे फेरफार पुन्हा कुणीही करू शकतो, पण डिकीच्या रबराखालची ती पट्टी एकदा गेली की गेली. तरी ही बाजू घेणंच आहे, न्याय नव्हे.

चाचांनी स्टूल पुढं सरकवलं. “बैठो भाई. गिअर देखो.”

काका ड्रायव्हरच्या जागेवर बसले. सीट अजून आलेली नाही, पाटावर बसले. उजवा हात स्टीअरिंगवर गेला, डावा सवयीनं खाली, आणि तिथं काहीच नव्हतं. मग डावा वर आला, दांड्यावर. क्लच दाबला, दांडा आपल्याकडे ओढून खाली. पहिला. वर. दुसरा. बुश नवे असल्यानं दांडा कुठंही न चाचपडता जागेवर बसत होता. काकांनी चारही गिअर टाकले, परत टाकले, मग रिव्हर्स.

“हा असा होता?” ते म्हणाले. “मी काढला तेव्हा नव्हता असा.”

“बुश झिजले होते तुमचे,” मी म्हटलं.

“मग मला कुणी सांगितलं का नाही?”

पुतण्या हसला, तेव्हा काकाही. उतरताना त्यांनी जमिनीतला जुना गिअरचा दांडा मागितला, वर लाकडी मूठ होती तो. तो गाडीसोबत ठेवायचा आहे असं मी सांगितलं, आणि ट्युरिनच्या सनदेचं नावही घेतलं. काकांवर सनदेचा काही परिणाम झाला नाही.

“आन् कापलेल्या स्प्रिंगा?”

“त्यापण आहेत. वर पोटमाळ्यावर.”

“टाकल्या नाहीत?” काकांनी रिक्षात बसता बसता विचारलं. “भंगाराचा भाव काय चाललाय सध्या किलोला?”